टर्की ‘एक्स’: १९६० च्या मरतुकीचं उत्तर यकृतात कसं सापडलं

१९६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या फार्मवर टर्कीची पिल्लं धडाधड मरायला लागली. नाताळच्या बाजारासाठी वाढवलेले हे पक्षी. मरत होती ती काही आठवड्यांची, चांगली अंग धरलेली पिल्लं. काही महिन्यांत मेलेल्या टर्कींचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. ओळखीचा कुठलाच रोग बसेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ हे नाव पडलं. मग बदकांची पिल्लं, फेझंट आणि तितर यांच्यातही तोच प्रकार दिसू लागला.

पक्ष्यांचं यकृत समजून घ्यायला या प्रकरणाइतकं चांगलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. पुस्तकात यकृताची रचना एका धड्यात असते, त्याची कामं दुसऱ्या धड्यात आणि विषबाधा कुठेतरी शेवटी. इथे तिन्ही गोष्टी एकाच पक्ष्यात, एकाच वेळी समोर येतात. टर्कीचं यकृत नाजूक, म्हणून ती मेली, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्या यकृताने आपलं एक काम फार तत्परतेने केलं आणि त्यापुढचं काम करायची सोय त्याच्याकडे उरलेली नव्हती. सगळं प्रकरण या दोन कामांमधल्या अंतरात घडलं.

पक्षी कसे मरत होते

पिल्लं आधी खाणं सोडत. मग सुस्त होऊन एका जागी बसत, पंख खाली लोंबत, आणि साधारण आठवड्याभरात खेळ संपे. मरताना बऱ्याच पिल्लांची मान पाठीकडे वळलेली आणि पाय मागे ताणलेले असत. अशी ठेवण मेंदूच्या आजारातही दिसते, त्यामुळे नुसतं बाहेरून पाहून निदान होण्यासारखं नव्हतं.

शवविच्छेदनात मात्र नजर एकाच ठिकाणी जात होती. यकृतात रक्तस्राव होता, पेशी मेल्याच्या खुणा होत्या. मूत्रपिंडं रक्ताने तट्ट भरलेली होती. आतडीही सुजलेली असत, पण मुख्य बिघाड यकृतातच होता यात शंका नव्हती.

टर्कीचं यकृत बिघडलेलं दिसलं की पशुवैद्यकाच्या मनात पहिलं नाव येतं ते ब्लॅकहेडचं. हिस्टोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा रोग. त्यात सीकम, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद पिशव्या, जाड होतात आणि त्यांच्यात घट्ट गाभा साचतो. यकृतावर गोल, मध्ये खोलगट असे चट्टे उठतात. ते चट्टे एकदा पाहिले की विसरत नाहीत. दुसरी शंका साल्मोनेलासारख्या जिवाणूंची. त्यात यकृत सुजतं, त्यावर बारीक पांढुरके ठिपके दिसतात. टर्की एक्समध्ये गोल चट्टेही नव्हते आणि जिवाणूही हाती लागत नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते वेगळंच होतं. यकृताच्या मुख्य पेशी खराब होऊन मरत होत्या आणि त्यांच्या मधल्या जागेत पित्तनलिकांच्या पेशी भराभर वाढत होत्या. संसर्गाने तडकाफडकी मेलेल्या पक्ष्यात पित्तनलिकांची अशी बेसुमार वाढ अपेक्षित नसते. यकृताच्या पेशी दिवसेंदिवस मार खात असतील आणि स्वतःची भरपाई करू शकत नसतील, तर ती जागा भरायला नलिकांच्या बाजूच्या पेशी पुढे येतात. कोणीतरी रोज थोडं थोडं विष यकृतापर्यंत पोचवत होतं, असा त्या काचपट्टीचा अर्थ होता.

ते यकृत असतं तरी कसं

पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा स्नायूंचा पडदा नसतो. टर्कीची किंवा कोंबडीची उरोस्थी, म्हणजे छातीचं हाड, वर उचलली की यकृत लगेच दिसतं. त्याचे दोन भाग, उजवा आणि डावा. बहुतेक जातींत उजवा मोठा. हृदयाचं टोक या दोन भागांच्या मध्ये बसलेलं असतं. माणसाच्या शरीराची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा पाहताना चुकल्यासारखं वाटतं. कोंबडी आणि टर्की यांच्यात डावा भाग आणखी दोन तुकड्यांत विभागलेला असतो. निरोगी प्रौढ पक्ष्याचं यकृत गडद तांबूस-तपकिरी, कडा धारदार. कडा बोथट झाल्या असतील तर यकृत सुजलंय असं समजावं.

पण अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं यकृत पिवळं असतं आणि तो आजार नसतो. बलकातली चरबी शोषली जाऊन यकृतात साठलेली असते. साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत रंग बदलतो. कोवळ्या पिल्लांचं शवविच्छेदन करणाऱ्याने हे लक्षात ठेवलं नाही तर प्रत्येक पिल्लात यकृताचा रोग दिसेल.

उजव्या भागाच्या आतल्या बाजूला पित्ताशय चिकटलेलं असतं. कोंबडी, टर्की, बदक यांना ते असतं. कबुतराला नसतं, बहुतेक पोपटांना नसतं, शहामृगालाही नसतं. पित्त लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या शेवटी दोन वेगवेगळ्या नळ्यांतून उतरतं: एक पित्ताशयाकडून, दुसरी थेट यकृताकडून. हे पित्त हिरवं असतं, कारण रक्तातल्या जुन्या लाल पेशी मोडल्यावर तयार होणाऱ्या हिरव्या बिलिव्हर्डिनचं पिवळ्या बिलिरुबिनमध्ये रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) पक्ष्यांत नगण्य असतं. म्हणून यकृत बिघडलं तरी पक्षी माणसासारखा पिवळा पडत नाही. विष्ठेतला एरवी पांढरा असणारा युरेटचा, म्हणजे लघवीचा, भाग हिरवट व्हायला लागतो. खाणं सुटलेल्या कुठल्याही पक्ष्याची विष्ठा हिरवी दिसते, तेव्हा त्यावर एकट्यावर निदान टेकवू नये.

या प्रकरणाच्या दृष्टीने रचनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रक्ताचा रस्ता. आतड्यांतून आणि गिझार्डमधून, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पोटातून, निघालेलं रक्त पोर्टल शिरांवाटे आधी यकृतात येतं, मगच हृदयाकडे आणि उरलेल्या शरीराकडे जातं. पक्ष्यांत अशा दोन शिरा असतात. उजवी आतड्यांचं रक्त आणते, डावी मुख्यतः जठर आणि गिझार्डचं. म्हणजे खाद्यातून जे काही रक्तात उतरतं त्याची पहिली भेट यकृताच्या पेशींशी. आतमध्ये या पेशी दोन-दोनांच्या जाडीच्या रांगांत उभ्या असतात आणि त्यांच्या बाजूने रक्त सावकाश वाहतं. प्रौढ सस्तन प्राण्यांत ही रांग एका पेशीची असते.

फार्मवरून गिरणीकडे

संसर्गाची शंका मागे पडायला फार वेळ लागला नाही, कारण एका पक्ष्याचा रोग दुसऱ्याला देता येईना. मग प्रकरण नकाशावर आलं. रोगाच्या बहुतांश नोंदी लंडनपासून ८० ते १०० मैलांच्या परिघात होत्या. विषाणू अशी गोल रेघ मारून पसरत नाही, पण खाद्याच्या गिरणीचे ट्रक तेवढ्याच टापूत फिरतात. फार्म वेगळे, मालक वेगळे, पिल्लांचा उगम वेगळा. खाद्य मात्र एकाच ठिकाणचं. ब्रिटिश पशुवैद्यक ब्लाउंट यांनी १९६१ मध्ये या सगळ्याचा वृत्तांत छापला, आणि खाद्यातला संशयित घटकही ठरला: ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. ती पेंड घातलेलं खाद्य निरोगी पिल्लांना दिलं की तेच यकृत, तीच मान मागे वळलेली मरणाची ठेवण परत मिळत होती.

दोष ब्राझीलच्या मातीचा म्हणावा, तर त्याच सुमारास केनियात बदकांची पिल्लं अशीच मेली होती आणि त्यांच्या खाद्यात पूर्व आफ्रिकेतले शेंगदाणे होते. डुकरांना आणि वासरांनाही या पेंडीने यकृताचा त्रास होतो हे १९६१ मध्ये स्पष्ट झालं. त्याच वर्षी हीच पेंड खाऊन रॅट या मोठ्या उंदरांच्या यकृतात गाठी झाल्याचं प्रसिद्ध झालं. तिथे हा विषय कुक्कुटपालनाच्या बाहेर पडला.

ओळखीची विषं तपासून झाली, काही सापडलं नाही. पेंडीतून अर्क काढायचा, वेगवेगळे अंश करायचे आणि कोणता अंश मारतो ते पाहायचं, एवढाच मार्ग होता. त्यासाठी एक दिवसाची बदकाची पिल्लं वापरली गेली. टर्कीपेक्षाही बदक या विषाला जास्त हळवं. पुढे शुद्ध विष हाती आल्यावर मोजलं गेलं तेव्हा बदकाच्या पिल्लात प्राणघातक मात्रा किलो वजनामागे सुमारे ०.३६ मिलीग्रॅम निघाली. कोंबडीच्या पिल्लाला त्यासाठी ६ मिलीग्रॅमच्या वर लागतं. बदकाचं पिल्लू जगलं तरी त्याच्या यकृतात पित्तनलिका किती वाढल्या यावरून अर्कातल्या विषाचा अंदाज बांधता येत असे. टर्कीच्या काचपट्टीवर जी खूण कोड्यात टाकत होती, तीच आता मोजपट्टी झाली. रसायनशास्त्र पोचायच्या आधी हे विष यकृतानेच मोजून दिलं.

वेब्रिजची सेंट्रल व्हेटर्नरी लॅबोरेटरी आणि लंडनची ट्रॉपिकल प्रॉडक्ट्स इन्स्टिट्यूट या कामात पुढे होत्या. सार्जंट, शेरिडन, ओ’केली आणि कार्नाघन यांनी १९६१ च्या अखेरीस दाखवलं की विष शेंगदाण्याचं नसून त्यावर वाढलेल्या बुरशीचं आहे. युगांडाच्या विषारी शेंगदाण्यांतून वेगळी केलेली अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी निर्जंतुक दाण्यांवर वाढवली की ते दाणेही विषारी होत. बुरशीच्या नावावरून विषाला अ‍ॅफ्लाटॉक्सिन म्हटलं गेलं. अतिनील प्रकाशाखाली त्याचे काही अंश निळे चमकत, काही हिरवे. त्यावरून बी आणि जी असे गट पडले. त्यांतलं बी-१ सगळ्यात जहाल. त्याची रासायनिक रचना १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत उलगडली.

पेंडीत हे विष का साचलं त्याचंही उत्तर सरळ आहे. शेंगा नीट वाळल्या नाहीत, दमट गरम हवेत पडून राहिल्या की ही बुरशी धरते. तेल गाळताना विष फारसं तेलाबरोबर जात नाही, मागे चोथ्यात राहतं. आणि ते उष्णतेने सहज मोडत नाही, त्यामुळे खाद्य शिजवून किंवा गोळीचं करून सुटका होत नाही. तेल माणसाच्या घरी गेलं, विष पक्ष्याच्या ताटात.

टर्कीच का

एकाच गिरणीचं तेच खाद्य खाऊन कोंबड्या बऱ्याच प्रमाणात तगत होत्या आणि टर्की मरत होत्या. याचा पूर्ण खुलासा व्हायला पुढची चार-पाच दशकं लागली. त्यातलं मोठं काम अमेरिकेत यूटा स्टेट युनिव्हर्सिटीत रॉजर कुलोम्ब यांच्या प्रयोगशाळेत झालं.

बी-१ हे मूळ रूपात पेशीचं फारसं बिघडवत नाही. यकृत मात्र बाहेरून आलेला कुठलाही परका पदार्थ शरीराबाहेर टाकण्याजोगा करायला जातं, आणि हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं त्या रेणूला ऑक्सिजन जोडतात. बी-१ च्या बाबतीत या पायरीवर इपॉक्साइड नावाचं अतिशय चळवळं रूप तयार होतं. दुसऱ्या टप्प्यात ग्लुटाथायोन हा रेणू त्याला जोडला जातो आणि ते निरुपद्रवी होऊन पित्तातून बाहेर जातं. हे जोडण्याचं काम ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज या विकरांचं.

पाळीव टर्कीच्या यकृतात पहिला टप्पा जोरात चालतो. तिथली विकरं बी-१ चं इपॉक्साइडमध्ये फार कार्यक्षमतेने रूपांतर करतात. दुसऱ्या टप्प्याची विकरं मात्र या इपॉक्साइडवर काम करतच नाहीत, असं कुलोम्ब यांच्या गटाला आढळलं. माउस या छोट्या उंदरात नेमकी हीच विकरं भक्कम असल्याने तो अशा मात्रेला दाद देत नाही. टर्कीच्या पिल्लात तफावत आणखी मोठी असते: जितकं पिल्लू लहान तितकं पहिल्या टप्प्याचं बळ जास्त. १९६० मध्ये काही आठवड्यांची पिल्लं का मेली, हे इथे कळतं.

सुटं राहिलेलं इपॉक्साइड जवळ सापडेल त्याला चिकटतं. ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं, प्रथिनांनाही चिकटतं. जनुकांवरून संदेश उतरवून घेणं अडतं, संदेश नाहीत म्हणून नवी प्रथिनं बनत नाहीत. यकृताच्या पेशीचा तर मुख्य धंदाच रक्तासाठी प्रथिनं बनवण्याचा. रक्त गोठवणारी फायब्रिनोजेन आणि प्रोथ्रॉम्बिन ही यकृतातूनच येतात; ती कमी पडली की लहानशा धक्क्यानेही रक्त झिरपत राहतं. टर्कीच्या शवात दिसलेल्या रक्तस्रावाशी हे जुळतं. रक्तातलं पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन घटतं.

चरबीचं गणितही बिघडतं. माणसात चरबी बनवण्याचं काम त्वचेखालच्या चरबीच्या थरातही होतं. पक्ष्यात ९० टक्क्यांहून जास्त यकृतातच होतं. तयार झालेली चरबी प्रथिनाच्या वेष्टनात घालून रक्तात पाठवावी लागते. वेष्टनाचं प्रथिन बनलं नाही तर चरबी यकृतातच तुंबते. कोंबडीत हीच अवस्था जास्त ठळक दिसते: फिकट पिवळं, फुगलेलं, बोटाने दाबताच फुटणारं यकृत. अंड्यावरच्या कोंबडीत बलकाचा कच्चा मालही यकृतच बनवतं, त्यामुळे तिथे उत्पादन आधी घसरतं आणि मर नंतर दिसते.

या साखळीतला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग रानटी टर्कीचा आहे. २०१३ च्या सुमारास कुलोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानटी टर्कीचं यकृत तपासलं, तेव्हा त्यात इपॉक्साइडला निष्प्रभ करणारी विकरं काम करताना सापडली. म्हणजे ही उणीव टर्की या प्रजातीची नव्हती. रुंद छाती आणि झटपट वजन यांच्या मागे लागून पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीत हे संरक्षण कुठेतरी गळून पडलं असावं. १९६० च्या त्या पिल्लांच्या जागी रानटी पिल्लं असती तर मर इतकी झाली नसती, असं मला वाटतं.

आपल्याकडे

हे विष आपल्या भागाला नवं नाही. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवेळी पावसाने भिजलेला बुरशीचा मका खाऊन आदिवासी गावांत यकृताचा आजार पसरला. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही मेली होती.

महाराष्ट्रात टर्की फारशी नाही, पण लेयर (अंड्यांच्या) आणि ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांचं खाद्य मक्यावर उभं आहे, आणि खरिपाचा मका परतीच्या पावसात सापडला की दाण्यात ओल राहते. इथे लाखांनी मर होत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. मात्रा कमी असेल तर पक्षी मरत नाही. वजन धरत नाही, लस टोचूनही तिचा जोम दिसत नाही, कापल्यावर मांसात रक्ताचे डाग निघतात. खाद्यात टॉक्सिन बाईंडर टाकलाय एवढ्यावर काही जण निश्चिंत असतात. बाईंडर आतड्यात विषाला धरतो, मात्रा बरीच कमी करतो, पण भिजलेला मका तो कोरडा करत नाही.

फार्मवर शंका आलीच तर ताज्या मेलेल्या दोन-चार पक्ष्यांचं यकृत उघडून पाहावं: रंग, कडा, दाबल्यावर फुटतं का, पित्ताशय ताणलंय का. रक्ततपासणीत यकृताच्या इजेसाठी माणसात मोजतात ते एएलटी हे विकर पक्ष्यात कामाचं नाही. एएसटी हे दुसरं विकर वाढतं, पण ते स्नायूंच्या इजेतही वाढतं. पित्ताम्लांची तपासणी जास्त भरवशाची. यकृताचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाडीचा तुकडा त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मालिनमध्ये घालून प्रयोगशाळेत द्यावा. तो गोठवू नये, नाहीतर पेशी फुटून काचपट्टीवर काही कळत नाही. खाद्याचा नमुना एका पोत्यातून एक मूठ असा घेऊ नये. बुरशी ढिगात ठिकठिकाणी असते. बऱ्याच पोत्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढावं, एकत्र कालवावं आणि त्यातलं किलोभर कागदी पिशवीत पाठवावं. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि वाटेतच बुरशी वाढते.